नगरचे रणगाडे आणि रंगाचे टवके

इंदूरच्या मराठी घरांत ‘नगर’ हे नाव निघाले, की मनात प्रथम चौंडी उभी राहते. ज्या माउलीच्या पुण्याईवर माळव्यातले आपले बस्तान बसले, तिचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी नावाच्या लहानशा गावी झाला. २०२५ मध्ये त्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, अहमदनगर शहराचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र अजून ‘नगर’च आहे, एस.टी.चा वाहक ‘नगर, नगर’ असाच पुकारा करतो, आणि या लेखातही सवयीने तेच नाव येईल.

चौंडीचे दर्शन घेऊन परतणारी आपली मंडळी नगर शहरात फार रेंगाळत नाहीत. वेळ उरलाच तर भुईकोट किल्ला पाहतात. चांदबिबीचे नाव घेतात. पंडित नेहरूंना १९४२ ते १९४५ या काळात जिथे कैदेत ठेवले होते ती जागा पाहतात, आणि निघतात. सोलापूर रस्त्यावर लष्कराच्या हद्दीत रणगाड्यांचे एक संग्रहालय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी ते मुलांसाठी आहे अशी समजूत असते. माझीही तिकडे वाट वळली ती एका मुलासाठीच. हा मुलगा म्हणजे माझा भाचा. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो, आणि उरलेल्या वेळात प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडून रंगवतो.

हा छंद आपल्याकडे तसा नवा वाटेल. पण त्याचे मूळ आपल्या अंगणातच आहे. दिवाळीत दगड, माती आणि गोणपाट यांचा किल्ला कोणी केला नाही? आळीव पेरून तटावर हिरवळ उगवणे, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे करणे, मावळे उभे करणे, आणि शेवटी ‘किल्ला फार नवा दिसतो’ म्हणून बुरुजावर काळसर मातीचे पाणी ओघळू देणे, हे सारे आपण केलेले आहे. जुनेपणा हा मुद्दाम आणावा लागतो आणि तो खरा वाटला पाहिजे, ही जाण त्या अंगणातच येते. भाच्याच्या छंदात हेच काम अधिक बारकाईने करावयाचे असते. त्याच्या बोलण्यात सतत एक प्रश्न असतो: रंग नेमका कुठून उडतो?

तो प्रश्न घेऊनच आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. खलघाटला नर्मदामाई ओलांडली, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरलो आणि धुळे-मालेगाव मागे टाकून मनमाडला उजाडले. येवला, कोपरगाव, शिर्डी, राहुरी असा पुढला रस्ता उसाच्या मुलुखातून जातो. इतर प्रवासी शेते पाहत होते. हा पोरगा उसाचे ट्रॅक्टर पाहत होता. “मामा, त्या लाल ट्रॅक्टरची पायरी पाहा,” तो म्हणाला. पायरीवरचा रंग पार गेला होता आणि पत्रा चांदीसारखा चकाकत होता. चाकावरच्या पत्र्याची कड तपकिरी पडली होती. मात्र बाजूचा सपाट भाग, जिथे कोणाचा हात लागत नाही की पाय पडत नाही, तिथे रंग शाबूत होता. उन्हाने फिकटला होता एवढेच. एका ट्रॅक्टरवर रंग जाण्याच्या तीन तऱ्हा होत्या. घर्षणाने रंग जातो तिथे लोखंड उजळ राहते, कारण रोजच्या रोज ते घासले जाते. आघाताने टवका उडतो तिथे कडा तुटक असतात आणि काही दिवसांत गंज चढतो. उन्हाने रंग जात नाही, विटतो. बाकी सारे धडे पुढे याच तिन्हींच्या आधाराने मिळाले.

संग्रहालयाचे नाव कॅव्हलरी टँक म्युझियम. भारतीय सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये उभारले. ‘आर्मर्ड कोअर’ म्हणजे चिलखती दल. घोडदळाच्या जुन्या रिसाल्यांनी घोडे सोडून रणगाडे घेतले, त्यांचे हे गुरुकुल. झाडांच्या सावलीत, हिरवळीवर, मांडणी केल्यासारखी पन्नासाच्या आसपास वाहने उभी आहेत. सर्वांत जुनी आहे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती मोटार. राजेमहाराजांच्या मिरवणुकीतले नाव आणि अंगावर पोलादी पत्रे, असा तो विलक्षण संगम आहे. पुढे ब्रिटिशांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे, आपल्या मोटारीपेक्षा फार मोठे न वाटणारे, फ्रान्सचा एएमएक्स-१३, पाण्यावर तरंगून नदी ओलांडणारा रशियन पीटी-७६, चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात बनलेला आपला विजयंता, आणि १९६५च्या युद्धामुळे ज्याचे नाव घरोघरी पोचले तो पॅटन.

पॅटनपाशी वडीलधारी माणसे थांबतातच. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे या रणगाड्यांची जी दैना झाली, तिची कथा आमच्या पिढीने शाळेत ऐकली आहे. जीपवर चढवलेल्या तोफेने त्यांच्याशी झुंजणारे परमवीर अब्दुल हमीद आमच्या पाठ्यपुस्तकातून आम्हांला भेटले. युद्धानंतर पकडलेले पॅटन देशातल्या अनेक गावांच्या चौकांत मांडले गेले. त्यामुळे रणगाडा म्हणजे चौकातली शोभेची वस्तू, अशीच आपल्या डोळ्यांना सवय आहे.

भाच्याला मात्र शोभा नको होती. तो व्हॅलेंटाइनच्या बाजूला उकिडवा बसून बोल्टांची डोकी न्याहाळत होता. इथल्या वाहनांना वर्षानुवर्षे रंगाची पुटे चढली आहेत. ऊन-पावसात उभ्या लोखंडाला दुसरा उपाय नाही. पण पुटांवर पुटे चढली, की कडा गोल होतात, बोल्टांची डोकी बुजतात, साच्यात ओतलेल्या पोलादाचा खरबरीतपणा झाकला जातो. एके ठिकाणी टवका उडाला होता, आणि त्या नखाएवढ्या जागेत वरचा गर्द हिरवा, खालचा फिकट हिरवा, त्याखालचा तांबूस अस्तराचा रंग, असे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसत होते. “हे रणांगणावरचे नाही,” भाचा म्हणाला. “हे संग्रहालयातले म्हातारपण आहे.” त्याचे म्हणणे बरोबर होते. युद्धातल्या रणगाड्यावर अशी पाच-सहा पुटे नसतात. तो काही महिन्यांचाच पाहुणा असतो. त्याच्यावर धूळ, चिखल, तेल आणि माणसांच्या बुटांचे घासे असतात. जुनाट गंज क्वचितच असतो.

तिथे आम्हांला एक निवृत्त दफेदार भेटले. विजयंत्यावर चालक म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. आता नातवाला घेऊन आले होते. भाच्याने खिशातल्या भ्रमणध्वनीवर परदेशी कलाकारांच्या प्रतिकृतींची छायाचित्रे त्यांना दाखवली. अंगभर तांबेरा चढलेले, ओघळांनी माखलेले, सगळीकडून खरचटलेले ते रणगाडे पाहून दफेदारांचा चेहरा उतरला.

“पोरा, ही गाडी कोणाच्या ताब्यात होती? त्याला आधी कोठडीत टाका,” ते म्हणाले. “आमच्या वेळी गाडीला तांब दिसला तर वरिष्ठांसमोर उभं राहायची लाज वाटायची. घरची म्हैस जशी धुतो, तशी गाडी धुवायचो आम्ही.”

“पण काका, रंग उडत तर असेल ना?” भाच्याने विचारले.

“उडायचा की! पण असा वाट्टेल तिथं नव्हे. ये, दाखवतो.”

आणि मग त्यांनी विजयंत्याभोवती आम्हांला जी प्रदक्षिणा घडवली, तिचे मोल कोणत्याही पुस्तकाला येणार नाही. रणगाड्यावर चढण्याची प्रत्येक शिपायाची वाट ठरलेली असते: आधी समोरच्या कडेला पाय, मग चिखलपत्र्यावर, मग तोफेच्या फिरत्या घुमटावर. त्या वाटेवर रंग झिजतो. झाकणाची कड कोपरांनी, कमरेच्या पट्ट्याच्या बकलाने आणि बुटांच्या टाचांनी घासली जाते; ती चमकते. हत्यारे ठेवण्याच्या पेटीचे कोपरे ठोकले जातात. तिथे टवके उडतात. इंधन भरण्याच्या तोंडाभोवती सांडलेल्या तेलाचा काळपट, ओलसर डाग कायम असतो आणि त्यावर धूळ चिकटून तो दाट होतो. चिखलपत्रे पातळ पत्र्याचे. ती वाकतात, फाटतात आणि पहिला गंज त्यांनाच चढतो. उलट, चिलखताचे जाड पोलाद उघडे पडले तर त्यावर एक-दोन दिवसांत तपकिरी पापुद्रा येतो. पण त्याला जुन्या पन्हाळीच्या पत्र्यासारखी भोके पडत नाहीत की त्याचे पोपडे निघत नाहीत. साखळीपट्ट्यांच्या ज्या बाजू जमिनीला लागतात त्या आरशासारख्या उजळ, आणि आतल्या खाचा मातीने भरलेल्या. धुराड्याच्या तोंडाशी उष्णतेने रंग जळून जातो. तेवढा गंज मात्र कोणी रोखू शकत नाही.

“आणि धूळ,” दफेदार शेवटी म्हणाले. “धूळ तर सगळीकडेच. के. के. रेंजवर दिवसभर गाडी पळवली, की संध्याकाळी आम्ही माणसं आणि गाडी एकाच रंगाची.”

के. के. रेंज म्हणजे नगरजवळचे खारे-कर्जुने गावाच्या नावाने ओळखले जाणारे सरावाचे मैदान. तिथली माती दख्खनच्या काळ्या दगडाची. ओली असता ती कोळशासारखी दिसते. वाळली की राखेसारखी फिकी पडते. माळव्याची आपली माती हिचीच बहीण. त्यामुळे पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ यांना एकच रंग द्यावयाचा नाही, हे भाच्याला तिथे उमगले.

आता हे सारे छोट्या प्रतिकृतीवर कसे उतरवावयाचे? या छंदात सर्वाधिक चालणारे प्रमाण १:३५ हे आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेरीचे सेल बसतील एवढा आकार धरला, तो मोजता हे प्रमाण निघाले, आणि मग जगभर तेच रूढ झाले. पस्तिसाव्या हिश्शाचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. सेंच्युरियन रणगाड्याचे धड सुमारे साडेसात मीटर लांब. प्रतिकृतीत ते एकवीस-बावीस सेंटीमीटर होते. पावणेसहा फूट उंचीचा जवान पाच सेंटीमीटरचा होतो. यावरून टवक्याचे गणित मांडा. प्रतिकृतीवर मोहरीएवढा, म्हणजे दीड मिलिमीटरचा, टवका काढला तर खऱ्या रणगाड्यावर तो पाच सेंटीमीटरहून मोठा ठरेल. बुटाच्या टाचेने एवढा रंग जात नाही, त्याला हातोडाच हवा. नखाएवढा खरा टवका दाखवावयाचा, तर प्रतिकृतीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका पुरे. नवशिक्याच्या हातून इथेच तोल जातो. टवके मोठे होतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. रणगाडा झिजलेला न दिसता देवी आल्यासारखा दिसतो.

रंगाच्या बाबतीतही प्रमाण पाळावे लागते. खऱ्या रणगाड्याचा जो हिरवा रंग, तोच डबीतून काढून प्रतिकृतीला दिला, तर तो काळवंडलेला भासतो. मोठी वस्तू आपण दुरून पाहतो, मध्ये हवा आणि उजेड असतो. म्हणून लहान वस्तूचा रंग थोडा उजळ करावा लागतो.

टवके काढण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत सोपी रीत म्हणजे भांडी घासण्याच्या स्पंजचा चिमूटभर तुकडा घ्यावा, गडद तपकिरी रंगात बुडवावा, बराचसा कागदावर टिपून काढावा आणि कडांवर हलके टेकवावा. ब्रशने काढलेले ठिपके हाताच्या सवयीने एकसारखे होतात. स्पंजच्या छिद्रांना सवय नसते, म्हणून ते ठिपके वेडेवाकडे, खरे उमटतात. जिथे रंग नुसता खरवडला गेला आहे, लोखंड दिसलेले नाही, तिथे त्याच हिरव्या रंगाची फिकट छटा बारीक ब्रशने द्यावी. जिथे लोखंड उघडे पडले तिथे त्या फिकट ठिपक्याच्या पोटात गडद तपकिरी ठिपका ठेवावा. या दोन ठिपक्यांनी खोलीचा भास होतो.

दुसरी रीत अधिक मनोरंजक आहे. आधी गंजाचा रंग द्यावयाचा. तो वाळला की त्यावर केस बसवण्याचा फवारा, ज्याला हेअर स्प्रे म्हणतात, त्याचा पातळ हात मारावयाचा, आणि मग वर पाण्यात मिसळणारा हिरवा रंग. तो वाळल्यावर थोड्याच वेळात ओल्या ताठ ब्रशने कडा चोळल्या, की पाणी वरच्या रंगातून झिरपून फवाऱ्याचा थर विरघळवते आणि वरचा रंग आपोआप तुकड्यातुकड्यांनी सुटतो. इथे टवका रंगवलेला नसतो, खरोखरच उडालेला असतो. याच तत्त्वावर मिठाचे खडे चिकटवून, वरून रंग देऊन, नंतर मीठ झाडून टाकण्याचीही जुनी पद्धत आहे. ओघळ दाखवण्यासाठी तैलरंगाचा ठिपका ठेवून टर्पेंटाइनने ओलावलेल्या ब्रशने वरून खाली ओढतात. पावसाचे पाणी जसे वाहील तसे. १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा फेर्लिंडेन यांनी या छंदाला खेळण्याच्या कपाटातून उचलून कलेच्या टेबलावर ठेवले. त्यांच्या काळी कोरड्या ब्रशने कडा उजळणे आणि पातळ काळसर रंग खाचांत सोडणे, ही मुख्य साधने होती. बाकीच्या युक्त्या पुढल्या पिढ्यांनी भर घालून वाढवल्या.

धुळीसाठी परदेशात रंगीत भुकटीच्या महागड्या डब्या मिळतात. भाच्याने त्यासाठी आजीच्या कपाटाकडे मोर्चा वळवला. तुळशीवृंदावनाला लावावयाचा गेरू हा मुळात लोहाचाच भस्मरंग, गंजही लोहाचाच. तेव्हा गंजाच्या भुकटीला गेरूपेक्षा सरस काय असणार? धुराड्याच्या तोंडाशी काजळी, वाळलेल्या मातीसाठी खडूची पूड त्यात चिमूटभर मुलतानी माती, हे सारे मलमलीतून दोनदा गाळलेले. खरी माती वापरण्याचा मोह मात्र त्याने टाळला, कारण तिचा बारीकातला बारीक कणसुद्धा त्या प्रमाणात गोट्याएवढा होतो.

इतके झाले की रणगाडा खरा दिसू लागतो. पण भाच्यासमोर जो प्रश्न उभा होता तो इथून पुढचा होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही डबीत नव्हते.

त्याला सेंच्युरियन करावयाचा होता; आणि तोही कोणता एखादा नव्हे, तर ‘फामागुस्ता’. सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे हे नाव पूना हॉर्स रिसाल्याच्या एका रणगाड्याला दिलेले होते. ज्या रिसाल्याची स्थापना १८१७ मध्ये पुण्यास झाली, त्याच्या या रणगाड्यावर १६ डिसेंबर १९७१ रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, वय एकवीस वर्षांचे. जून १९७१ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले, आणि तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमासाठी याच नगरला होते. युद्धाचे ढग जमले तसे त्यांना रिसाल्यात परत बोलावले गेले. शकरगढच्या आघाडीवर बसंतर नदीपलीकडे, सुरुंगांच्या क्षेत्रातून मार्ग काढून आपले रणगाडे उतरले होते आणि समोरून शत्रूचे रणगाडे चाल करून येत होते. त्या झुंजीत फामागुस्तावर गोळा आदळला आणि त्याने पेट घेतला. रणगाडा सोडण्याची आज्ञा झाली. पण तोफ अजून चालते आहे, म्हणून त्या तरुणाने तो सोडला नाही. परमवीर चक्राच्या मानपत्राप्रमाणे त्या लढाईत त्यांनी स्वतः चार रणगाडे निकामी केले. मग आणखी एक गोळा लागला, आणि त्यात ते गेले. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात शरणागती झाली.

तो फामागुस्ता पुढे दुरुस्त करण्यात आला आणि नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला गेला. ज्या गावाहून तो तरुण अधिकारी युद्धावर गेला, त्याच गावी त्याचा रणगाडा परत आला. त्याला पुन्हा रंग मिळाला, अंक मिळाले, नाव मिळाले.

“मग मी कोणता फामागुस्ता करू?” भाच्याने विचारले. जळलेला करावा, तर कसब दाखवायला तेवढा वाव दुसऱ्या कशातच नाही: करपलेला रंग, फुटलेले पोलाद, ज्वाळांनी पांढरट पडलेले पत्रे. स्पर्धांत अशा प्रतिकृतींवर नजर खिळते. पण ज्या पोलादामागे एकवीस वर्षांचा मुलगा गेला, त्याची जखम आपण स्पंजच्या तुकड्याने रंगवावी आणि तिच्यावर बक्षीस घ्यावे काय? आणि दुरुस्त केलेला, चकचकीत फामागुस्ता करावा, तर तो स्मारक झाला. त्यात बसंतर कुठे आहे?

मी त्याला आपला राजवाडा आठवून दिला. १९८४ मध्ये राजवाड्याचा मागचा भाग जळाला, तेव्हा इंदुरातल्या कित्येक घरांत चूल नीट पेटली नव्हती. पुढे तो भाग जुन्याच धर्तीवर पुन्हा उभारला गेला. आज पाहणाऱ्या पोरांना तिथे आग लागली होती हे सांगूनही खरे वाटत नाही. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांचे म्हणणे असे, की एक तरी करपलेली तुळई जशीच्या तशी ठेवायला हवी होती. पुढल्यांना कळले असते. त्यांच्या पत्नींचे म्हणणे नेमके उलटे: ज्यांनी ती आग पाहिली त्यांना ती रोज का दाखवावयाची? दोघेही त्याच आगीचे साक्षीदार, आणि मला दोघांचेही पटते. डाग ठेवणे म्हणजे साक्ष ठेवणे. डाग पुसणे म्हणजे पुन्हा उभे राहणे. वास्तूला यांतले एकच निवडावे लागते.

दफेदारांनाही भाच्याने हाच प्रश्न घातला होता. त्यांनी पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. मग विजयंत्याच्या झाकणाच्या घासलेल्या कडेवर हात ठेवून ते एवढेच म्हणाले, “गोळा लागल्याची खूण शत्रूची असते. ही खूण आपल्या माणसांची.”

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. कोपरगावच्या पुढे त्याने वही काढली आणि एक तारीख लिहिली: १६ डिसेंबर, पहाट. त्याने निर्णय घेतला होता. त्याचा फामागुस्ता अजून गोळा न लागलेला असणार होता: नदी ओलांडून आलेला, साखळीपट्ट्यांत ओला गाळ भरलेला, अंगावर धूळ. आणि ती धूळ नगरची काळी नव्हे, पंजाबकडच्या सपाट मुलुखाची फिकी, पिवळसर. रात्रीच्या दवाने ती धूळ जागोजागी ओघळलेली. रंग शाबूत, कारण त्या रिसाल्याचे जवानही दफेदारांसारखेच आपल्या गाडीची निगा राखणारे असणार. टवके फक्त तीन ठिकाणी: चढण्याच्या वाटेवर, हत्यारांच्या पेटीच्या कोपऱ्यांवर आणि झाकणाच्या कडेवर.

ती झाकणाची कड त्याने सर्वांत शेवटी केली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आधी हिरव्याची फिकट छटा, मग तिच्या पोटात सुईच्या टोकाने तपकिरी ठिपके, आणि वरून पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने हलकेच घासून आलेली लोखंडाची चमक. वापराने उजळलेल्या लोखंडाचा भास शिशाइतका चांगला कोणत्याही रुपेरी रंगाने होत नाही. सारी जागा मिळून तांदळाच्या दाण्याएवढी असेल. पण त्या दाण्यात कोणाची तरी कोपरे टेकलेली दिसतात. कोणी तरी तिथून वर आले आणि तिथूनच आत उतरले, हे कळते. गावच्या स्पर्धेत ही प्रतिकृती मांडली तेव्हा काहींनी विचारले, की एवढ्या मोठ्या लढाईतला रणगाडा आणि त्यावर लढाईची खूण कशी नाही? भाच्याने शेजारी एक छोटी पाटी ठेवली होती. तिच्यावर रणगाड्याचे नाव, अधिकाऱ्याचे नाव, दिनांक आणि ‘सकाळ होण्यापूर्वी’ एवढेच शब्द होते. ती वाचून विचारणारे पुन्हा वाकून पाहत, आणि मग फारसे बोलत नसत. बक्षीस दुसऱ्याच प्रतिकृतीला गेले. ती अंगभर गंजलेली होती आणि कारागिरीच्या दृष्टीने खरोखर उत्तम होती, हेही सांगितले पाहिजे.

वाचकांपैकी कोणी चौंडीला जाणार असेल, तर नगरसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात गेल्यास उत्तम. हवा निवळलेली असते आणि कलत्या उन्हात लोखंडावरचे बारीक ओरखडेही स्पष्ट दिसतात. घरातल्या मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांना तोफेच्या नळीपाशी उभे करून छायाचित्र काढण्यापूर्वी एक काम सांगावे: इथे माणसांचे हात आणि पाय कुठे कुठे लागले असतील, ते शोधा. ती सवय एकदा लागली, की मग आजोळच्या जात्याचा खुंटा, देवघराच्या उंबरठ्याची मध्येच झिजलेली कड, आजोबांच्या काठीची मूठ, हेही त्यांना दिसू लागेल.